दुकानाचा हिशेब क्लाउडवर टाकावा की नको? गणपती पेठेतला मसाल्याचा व्यापार

गणपतीपेठ_सूनबाई

नमस्कार मंडळी. आमचं सांगलीत गणपती पेठेत हळद, मिरची, धने, जिरे यांचं घाऊक दुकान आहे. आजेसासऱ्यांपासूनची गादी. हिशेब मी बघते. जोडीला दिवाणजी आहेत, साठी उलटलेली, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात असा चालतो की कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत.

सध्याची व्यवस्था सांगते. दुकानात एक डेस्कटॉप, त्यावर टॅलीप्राइम. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दिवाणजी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि तो पेनड्राइव्ह मामंजींच्या बंडीच्या खिशात जातो. (बंडी धुण्यात टाकायची असली की घरात आधी पेनड्राइव्हची शोधाशोध होते.) ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, वाहतूकवाल्यांच्या पावत्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये, जुन्या सालाची बिलबुकं माळ्यावर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पेठेचं काय झालं ते इथल्यांना सांगायला नको. कॉम्प्युटर आम्ही आधीच उचलून घरी आणला होता, पण बिलबुकांचा लगदा झाला. २०२१ च्या जुलैत परत तेच. तेव्हापासून पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आमच्याकडे ‘आधी मिरचीची पोती हलवायची का कॉम्प्युटर’ यावर भांडण.

आता कोल्हापूरच्या एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, तुमची टॅली आमच्या क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे नेटवरून उघडता येणाऱ्या आमच्याकडच्या कॉम्प्युटरवर ठेवतो, घरून उघडा, गोडाऊनमधून उघडा, पूर आला तरी चिंता नाही. माणशी महिन्याला भाडं. आम्हाला तीन जण धरावे लागतील. पुतण्या पुण्यात शिकतो, तो म्हणतो, “काकू, एवढे पैसे कशाला, टॅलीचं फोल्डरच गुगल ड्राइव्हमध्ये ठेव, फुकटात काम.” आमच्या सीएंनी “चालेल की” एवढंच सांगून फोन ठेवला.

मामंजींचं मात्र एकच पालुपद: आपली खतावणी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची आणि वर भाडंही आपणच भरायचं?

आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. कुठल्या गिऱ्हाइकाला काय दराने दिलं, कोणाची उधारी किती दिवसांची, गोकाकचा माल कितीला पडला, हाच तर आमचा धंदा आहे. हे शेजारच्या दुकानात कळलं तर पुराने जेवढं नुकसान केलं नाही तेवढं होईल. उद्या एजन्सीवाल्याशी बिनसलं आणि त्याने कुलूप लावलं तर? ऐन हंगामात नेट गेलं तर? आणि तिकडेच काही जळालं-बुडालं तर? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा. जाहिरात नको.

बेदाणा_तासगाव

वहिनी, आमच्या कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर ऑनलाइनच आहे. शेतकऱ्यानं पेट्या ठेवल्या की पावती लगेच त्याच्या मोबाइलवर. पूर्वी माणूस पावती हरवून यायचा आणि मग कुणाच्या पेट्या किती यावर दुपार जायची. ते बंद झालं.

नेटचं म्हणाल तर दोन कनेक्शन घ्या, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची. एक फायबर, एक सिमवर चालणारं डबडं. सौद्याच्या दिवशी रस्ता खोदणाऱ्यानं केबल तोडली की डबडं चालू. त्यालाही रेंज नसली की कच्च्या वहीत लिहायचं आणि रात्री चढवायचं. कच्ची वही आम्ही अजून मोडीत काढलेली नाही.

विश्रामबाग_निवृत्त

सूनबाई, मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होतो. बँकेचं नाव राहू द्या. फ्लॉपीपासून डेटा सेंटरपर्यंत सगळं हातून गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या मामंजींशी बोलू. त्यांना हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, आठवण करून द्या. हळद व्यापाऱ्याच्या स्वतःच्या घरात होती का कधी? ती हरिपुरात दुसऱ्याच्या जमिनीखाली, आणि व्यापाऱ्याच्या तिजोरीत नुसती चिठ्ठी. लाखांचा माल न बघता चिठ्ठीवर हात बदलायचा. मग दुसऱ्याच्या घरी ठेवणं सांगलीकराला नवीन नाही. पेववाला कोण, चिठ्ठी कुणाच्या नावाची आणि हवा तेव्हा माल बाहेर निघतो का, एवढं तो बघायचा. क्लाउडला हेच तीन प्रश्न विचारायचे.

आता एजन्सीवाल्याने एकाच शब्दात तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी विकायला आणल्यात, त्या सुट्या करा. एक म्हणजे काम क्लाउडवर करणं: टॅली चालते तिकडे, तुम्ही इथून फक्त पडद्यावर बघता. दुसरी म्हणजे प्रत क्लाउडवर ठेवणं: टॅली दुकानातच चालते, रोजचा बॅकअप तेवढा बाहेर जातो. पहिल्यात नेट गेलं की धंदा थांबला. दुसऱ्यात नेट गेलं तर आजची प्रत उद्या जाईल, बिघडलं काही नाही. तुम्हाला पुराची भीती आहे, तिला दुसरं औषध पुरतं, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. टॅलीचा कित्येक वर्षांचा डेटा थोड्या जीबीत मावतो, जागा खातात ते तुमचे फोटो. घरून आणि गोडाऊनमधून बिलं करायची खरोखर गरज आहे का, ते आधी ठरवा. असेल तर पहिल्याचा विचार करा. नसेल तर तीन माणसांचं भाडं कशाला?

पुतण्याला मात्र आवरा. चालू टॅलीचं फोल्डर ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे इथला प्रत्येक बदल आपोआप वर नेणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवू नका, अजिबात नको. टॅली लिहीत असताना तिकडून ड्राइव्ह त्याच फायली उचलायला बघतो, अर्धी फाइल नवी आणि अर्धी जुनी वर जाते आणि एके दिवशी कंपनी (टॅलीत दुकानाच्या हिशेबाला हेच नाव) उघडतच नाही. दुसरं म्हणजे सिंक हा बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, पण मार्चमध्ये उडालेलं ऑक्टोबरात लक्षात आलं तर? व्हायरसने इथल्या फायली कुलूपबंद केल्या तर तो ड्राइव्ह आज्ञाधारकपणे कुलूपबंद फायलीच वर चढवतो. टॅलीतून बॅकअपची फाइल वेगळी काढायची आणि ती, तारीख घातलेली, वर टाकायची. कालची फाइल आजच्या फाइलने झाकायची नाही.

धोक्यांचं म्हणाल तर लोक हॅकरला भितात. मी त्याच्याआधी ईमेल कुणाचा आहे ते विचारतो. क्लाउडचं खातं ज्या मेलवर आणि ज्या मोबाइल नंबरवर उघडलंय तो मालक. बाकी सगळे भाडेकरू. इथल्या किती दुकानांत ते खातं पूर्वीच्या ऑपरेटर पोराच्या जीमेलवर आहे! पोरगा दुबईला गेला, सिम बंद पडलं, आता ओटीपी कुठे येणार? १ एप्रिल २०२५ पासून माल वाहतुकीच्या ई-वे बिलालाही सगळ्यांना ओटीपी लागतो, म्हणजे हा प्रश्न क्लाउड न घेणाऱ्यालाही आहेच. खातं दुकानाच्या नावाचं, नंबर घरातल्या माणसाचा, आणि दोघांना आत जाता येईल अशी सोय. एजन्सीने त्यांच्या नावावर खातं काढून दिलं तर चिठ्ठी त्यांच्या नावाची झाली.

दर फुटायच्या भीतीचं. मोठी क्लाउड कंपनी तुमचा जिऱ्याचा भाव वाचत बसणार नाही. पण मधला एजन्सीवाला? त्याचा सर्व्हरवरचा माणूस? तो तुमच्यासारख्या अजून किती जणांना सेवा देतो, त्यात पेठेतलेच किती, हे विचारा. टॅलीत टॅलीव्हॉल्ट म्हणून सोय आहे, तिने कंपनीचा डेटा पासवर्डशिवाय वाचता न येण्यासारखा होतो. तो लावा, मगच फाइल बाहेर जाऊ द्या. पण तो पासवर्ड विसरलात तर टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत.

तिकडे जळालं तर? जळतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं. काही गिऱ्हाइकांनी बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, आणि तो बॅकअप त्याच इमारतीत निघाला. प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ मध्ये कोर्टाने कंपनीला भरपाई द्यायला सांगितलं, पण डेटा काही परत आला नाही. दक्षिण कोरियात तर सरकारचंच झालं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला. बाहेर दुसरी प्रत नव्हती. आकार फार मोठा, प्रत ठेवणं परवडत नाही, असं कारण सांगितलं गेलं.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडच्या बाजूने सेटिंगमधला एक रकाना रिकामा राहिल्यामुळे त्यांची तिथली व्यवस्थाच पुसली गेली. पाच लाखांच्या वर सभासद. पण त्यांनी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. आठवडाभर खोळंबा झाला, पण उभे राहिले.

म्हणून आमच्या धंद्यात जुना नियम आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक गावाबाहेर. दुकानातला कॉम्प्युटर ही पहिली, मामंजींच्या बंडीतला पेनड्राइव्ह दुसरी (त्याला हसू नका, तो चालू ठेवा, फक्त दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा), क्लाउडवरची तिसरी. पुरात पहिली जाईल, धुण्यात दुसरी जाईल, तिन्ही एकदम जाणं अवघड.

२०१९ ला आमच्या खालच्या भागातल्या शाखा बंद होत्या, पण मुख्य डेटा सांगलीत नव्हताच. त्यामुळे विट्याच्या शाखेत गेलेल्या सांगलीच्या खातेदाराला पैसे मिळाले. बाहेर ठेवण्याचा फायदा मी असा बघितलाय. आणि मर्यादाही त्याच आठवड्यात बघितली: गावात वीज नाही, टॉवर बंद, म्हणजे डेटा सुखरूप असून सांगलीत बसून तो बघता येत नव्हता. एजन्सीवाला ‘पूर आला तरी चिंता नाही’ म्हणतो ना, त्याला विचारा, लाइट नसताना उघडायचं कशावर?

बेदाणा_तासगाव

काका, पेवाचं सांगितलं झकास, पण अर्धंच सांगितलं. २००५ च्या पुरात पाणी पेवात गेलं. चिठ्ठ्या तिजोरीत कोरड्या आणि हळद गेली.

विश्रामबाग_निवृत्त

बरोबर. म्हणूनच तीन प्रती म्हणतोय. ज्यांचा सगळा माल हरिपुरात होता त्यांना विचारा.

करसल्लागार_इस्लामपूर

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण “चालेल की” एवढ्यावर हे सोडायचं नसतं.

ताई, तुमची पेढी प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर हिशेब क्लाउडवरच ठेवा किंवा ठेवू नका असं कुणी सांगत नाही. पण जीएसटी नियमांतला ५७ क्रमांकाचा नियम वाचा. हिशेब इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचा बॅकअप असा ठेवायचा की अपघातात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत. पूर हे नैसर्गिक कारणच की. म्हणजे ‘साहेब, कॉम्प्युटर वाहून गेला’ हे उत्तर पुरं पडणार नाही. आणि नोंदी जपायच्या कधीपर्यंत, तर त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायची जी शेवटची तारीख, तिथून ७२ महिने. एखादं प्रकरण अपिलात असेल तर त्याहून जास्त. माळ्यावरच्या बिलबुकांचे स्कॅन काढून ठेवा ते याचसाठी.

उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर गोष्ट बदलते. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज ठेवावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून कोणती नोंद कधी बदलली याचा माग ठेवणारं आणि तो बंद करता न येणारं सॉफ्टवेअर लागतं. एजन्सीचा सर्व्हर कुठल्या देशात आहे हे तेव्हा लेखी हवं.

व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांचे आधार, पॅनचे फोटो मागवून फोनमध्ये साठवत असाल तर तेही आवरा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होतील. गरज संपलेले फोटो पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मिरजकर_सध्या_पुणे

मी क्लाउडचंच काम करतो, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती धरा. काकांचं बरंचसं पटलं, पण भीतीचा डोस जरा जास्त झाला.

मोठ्या कंपन्यांची केंद्रं आता आपल्याकडेच आहेत. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून, अॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून. एका शहरातही ती एकाच इमारतीत नसतात, एकमेकांपासून दूर असलेल्या वेगवेगळ्या इमारतींत प्रती राहतात. अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी बनवलीय, असं ते स्वतः सांगतात. दुकानातली हार्डडिस्क त्याच्या जवळपासही जात नाही. सूनबाई, खरं सांगा, तो डेस्कटॉप किती वर्षं जुना आहे?

मात्र हे अकरा नऊ कशाचे ते समजून घ्या. डिस्क खराब होऊन फाइल जाण्याबद्दलचा तो आकडा आहे. तुम्हीच पुसली, पासवर्ड चोरून कुणी पुसली, बिल भरलं नाही म्हणून खातं बंद झालं, याचा त्यात समावेश नाही. आणि टिकणं वेगळं, मिळणं वेगळं. २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या केंद्रात बिघाड झाला, जगभरातली कितीतरी अॅप्स काही तास पडली. डेटा गेला नाही, पण हाताला लागत नव्हता. अशा वेळी करारानुसार मिळतं काय, तर पुढच्या बिलात थोडी सूट. तुमचा त्या दिवसाचा धंदा बुडाला त्याची भरपाई कुणी देत नाही.

एक गोष्ट काकांनी घेतली नाही ती म्हणजे बाहेरच्या कंपनीने सेवाच थांबवणं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर नायरा एनर्जीची मेल आणि टीम्स मायक्रोसॉफ्टने अचानक बंद केली होती. भारतातली मोठी रिफायनरी, पैसे भरलेले, तरीही दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. काही दिवसांत सेवा परत मिळाली. मसाल्याच्या दुकानावर युरोप निर्बंध घालणार नाही, पण कुलूप कुणाच्या हातात असतं हे त्यातून दिसलं.

माझा सल्ला काकांच्या उलट आहे. टॅली दुकानात ठेवून नुसती प्रत बाहेर, हे दिवाणजी आहेत तोवर ठीक. पुढची पिढी गोडाऊनमध्ये उभी राहून मोबाइलवर बिल करणार. आज ना उद्या काम क्लाउडवर न्यावंच लागेल, मग आत्ताच न्या.

विश्रामबाग_निवृत्त

मिरजकर, पुढची पिढी आली की ती नेईल. आज बिल दिवाणजी करतायत. आणि ‘न्यावंच लागेल’ हे मी बँकेत प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडून ऐकलंय.

सगळ्यांनी एकाच ठिकाणी नेल्यावर काय होतं तेही बघा. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला. ती अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने खबरदारी म्हणून तिला तोडलं आणि देशभरातल्या ३०० च्या आसपास लहान बँकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार अडले. त्या बँकांनी स्वतः काही वाकडं केलं नव्हतं. दीड-दोन दिवसांत सुरळीत झालं म्हणून विसरलो आपण. पण लहान माणूस मोठ्याच्या छपराखाली गेला की पाऊस लागत नाही आणि छप्पर पडलं की सगळ्यांवर एकदमच पडतं.

तरी हेही कबूल करतो: त्या ३०० बँकांनी आपापले सर्व्हर आपापल्या तळघरात ठेवले असते तर त्याहून वाईट झालं असतं. लहान बँकेला रात्री जागणारा माणूस परवडत नाही, दुकानाला तर नाहीच.

गणपतीपेठ_सूनबाई

सगळ्यांचे आभार. डेस्कटॉपचं वय विचारू नका, २०१९ ला जो उचलून आणला तोच आहे.

काल एजन्सीवाल्याला बोलावलं आणि तुमचे प्रश्न विचारले. सर्व्हर मुंबईत आहे म्हणाला, लेखी द्यायला तयार आहे. खातं मात्र त्यांच्याच नावाचं राहणार, आमच्या नावाने होत नाही. बॅकअप रोज घेतात, पण कुठे ठेवतात ते ‘टेक्निकल टीमला विचारून सांगतो’. सोडून जायचं झालं तर डेटा टॅलीच्याच फाइलमध्ये देऊ म्हणाला, पण किती दिवसांत ते करारात नाही. पेठेतली अजून दुकानं आहेत का विचारल्यावर त्याने खुशीने चार नावं सांगितली. मामंजी शेजारीच बसले होते. चार नावं ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पानाचा डबा उघडला. मी समजले.

तर सध्या काकांचं ऐकतेय: टॅली दुकानात, बॅकअप बाहेर. दुकानाच्या नावाने नवीन मेल काढला, नंबर माझा, दुसरा नंबर यांचा. दोन शंका उरल्यात. रोज फाइल वर चढवायचं दिवाणजींच्या लक्षात राहील का? आणि टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड नक्की कुठे ठेवायचा? दिवाणजी म्हणतात कॅलेंडरच्या मागे लिहू.

विश्रामबाग_निवृत्त

त्याने चार नावं सांगितली यातच तुमचं उत्तर आलं. तुमचंही नाव तो पाचव्या दुकानात सांगेल. नावापुरतं ठीक आहे, पण तोंडाला कुलूप नसलेल्याच्या सर्व्हरला कितपत असेल? मोठ्या करारात मी नेहमी विक्रेत्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल विचारायचो. जो बोलत सुटला तो बाद.

रोजचं काम माणसाच्या आठवणीवर ठेवूच नका. दिवाणजी टॅलीतून बॅकअप घेतात त्या फोल्डरकडे लक्ष ठेवून त्यातली नवी फाइल आपोआप वर नेणारी सोय पुतण्या बसवून देईल. त्याला आता खरं काम मिळालं. त्याला एवढंच बजावून सांगा की नुसती भर घालायची, वरचं काही पुसायचं नाही. महिन्याअखेरची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये कायमची. मधल्या रोजच्या फायली तीन-चार महिन्यांनी काढल्या तरी चालतील.

आणि पुतण्या दिवाळीला आला की त्याच्या लॅपटॉपवर शैक्षणिक (लायसन्सशिवाय चालणारी) टॅली टाकून वरची एक फाइल उतरवून घ्या आणि कंपनी उघडून बघा. दिवाणजींना पाच गिऱ्हाइकांची येणी तोंडपाठ असतील, ती जुळतात का बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे आशा, बॅकअप नव्हे. आमच्याकडे ऑडिटर दरवर्षी ‘बॅकअप घेता का’ विचारायचे. ‘उतरवून बघितलात का’ हे विचारणारा एकच भेटला, तोही बदलून गेला.

कॅलेंडरच्या मागे नको, कॅलेंडर जानेवारीत रद्दीत जातं. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला आणि बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांबरोबर ठेवा. दुसरं पाकीट तुमच्या माहेरी. फोनमध्ये फोटो काढून ठेवायचा नाही, आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवायचा तर नाहीच.

मिरजकर_सध्या_पुणे

शैक्षणिक टॅलीत ठरावीक तारखांच्याच नोंदी नव्याने करता येतात. तपासायला बहुतेक पुरेल, पण काही अडलं तर दुकानातलं लायसन्स थोडा वेळ लॅपटॉपवर घेऊन बघा. आणि मेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री) चालू केल्यावर गुगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून त्याच पाकिटात घाला, दोन्ही फोन एकदम गेले तर तेच कामाला येतात.

गणपतीपेठ_सूनबाई

कोड आत्ताच छापले. माहेर कवठे महांकाळला आहे, तिकडे पाकीट रविवारी नेते. पुतण्याला फोन केला होता, म्हणाला, “काकू, मी आधीच सांगितलं होतं ना क्लाउड घे म्हणून.”